जुनी अल्ट्रा-वाइड लेन्स घेताय? या चुका टाळा

जुनी मॅन्युअल फोकस लेन्स हातात आली की बहुतेकजण आधी पुढच्या काचेवरचे ओरखडे शोधतात. १७ ते २१ एमएमच्या, म्हणजे खूप रुंद दृश्य टिपणाऱ्या अल्ट्रा-वाइड लेन्ससाठी आपण पैसे मोजतो ते फ्रेमच्या कडांसाठी, आणि विक्रेत्याच्या चकचकीत फोटोंत त्यांचाच पत्ता नसतो. म्हणून दूरच्या इमारतींचा, एफ/८ ला (लेन्सचं छिद्र बऱ्यापैकी लहान ठेवून) काढलेला मूळ आकाराचा फोटो मागा. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा पुसट दिसला तर आतली काच सरकलेली असू शकते. किंवा ॲडॉप्टर, म्हणजे जुनी लेन्स दुसऱ्या कॅमेऱ्यावर बसवणारी कडी, तिरका असेल. तो बदलून पाहा.

खरा घोळ ॲडॉप्टरमध्येच असतो. इन्फिनिटी (अगदी दूरच्या गोष्टींवरचा फोकस) हमखास मिळावी म्हणून स्वस्त ॲडॉप्टर अनेकदा थोडे पातळच बनवतात. जाडी ०.१ मिमीने कमी असेल तर ५० एमएमला इन्फिनिटी लेन्सवरच्या अंतराच्या स्केलवर २५ मीटरच्या आसपास येते, म्हणजे फारसं बिघडत नाही. २० एमएमला मात्र ती ४ मीटरवरच येते! ॲडॉप्टर तितकाच जास्त जाड निघाला तर ४ मीटरपलीकडचं काहीच नीट फोकस होत नाही. त्यात १९८४ च्या निक्कॉर २० एमएम एफ/२.८ सारख्या लेन्समध्ये जवळच्या फोकससाठी काचांमधलं अंतर बदलतं. स्केल चुकलं की तो हिशेबही चुकतो आणि कडा बिघडतात. दोष मात्र लेन्सला लागतो.

माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडणारी खाचांची कडी, आधी तपासा. कॅननच्या जुन्या एफडी माउंटची लेन्स कॅननच्याच नंतरच्या ईएफ माउंटच्या डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर) काचेच्या ॲडॉप्टरशिवाय इन्फिनिटीला जात नाही, आणि ती जादा काच कडांची वाट लावते. आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यावर ही अडचण नाही. १९७७ च्या आधीची, एआय न केलेली (नंतरच्या निकॉन माउंटसाठी न बदललेली) निक्कॉर बऱ्याच निकॉन डीएसएलआरवर जबरदस्तीने बसवली तर कॅमेऱ्याच्या माउंटवरची छोटी पट्टी तुटू शकते. जुनी निक्कॉर २१ एमएम एफ/४ तर आरसा वर अडकवल्याशिवाय एसएलआरवर बसतच नाही, इतकी ती आत घुसते. आणि एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरची बॉडी असेल तर २० एमएमचा कोन ३० एमएमइतकाच उरतो. मग एवढा खटाटोप कशाला?

मुंबई-कोकणातून घेताना मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने टाकून बुरशीचे धागे शोधा. पुढच्या काचेवरच्या बारीक ओरखड्यापेक्षा मागच्या काचेवरचा ओरखडा जास्त नडतो. "सर्व्हिस केलीय" असं कोणी म्हणालं तर स्क्रूंच्या खाचा पाहा. त्या झिजलेल्या असतील तर कोपऱ्यांची चाचणी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.