खुब्याचं हाड हातात आलं की

हाडाला हात लावायच्या आधी स्वतःच्या कमरेला लावा. मी बेळगावात एका मेडिकल कॉलेजच्या डिसेक्शन हॉलमध्ये अटेंडंट होतो. डॉक्टर नव्हे, सकाळी हाडं मोजून देणारा, संध्याकाळी मोजून घेणारा. तरी व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, आदल्या दिवशी पोरं माझ्याकडंच यायची, सरांना विचारायला भ्यायची म्हणून.

बायका घागर टेकवतात ती कमरेची कड म्हणजे इलियाक क्रेस्ट. दोन्हीकडच्या कडांच्या माथ्यावरून पाठीवर आडवी रेघ ओढली तर ती कमरेच्या चौथ्या मणक्याजवळून जाते. सिझेरियनच्या आधी पाठीत सुई देणारे डॉक्टर बोटांनी तीच रेघ चाचपतात. कडेवरून पुढं आलात की टोक लागतं, ते एएसआयएस, म्हणजे अँटीरियर सुपीरियर इलियाक स्पाइन. आणि खानापूरच्या बसमध्ये खड्डा आला की सीटवर जे आदळतं ते इस्कियल ट्युबरॉसिटी.

आता हाड उचला. पातळ पात्याला धरू नका, जाड कडेला धरा. इलियमचं, म्हणजे वरच्या रुंद भागाचं, पातं मध्ये इतकं पातळ असतं की खिडकीकडं धरलं तर उजेड दिसतो. एकानं टेबलावर आपटून माझं एक चांगलं हाड तिथंच तडकवलं होतं.

उजवं की डावं? रुंद पातं वर, वाटीसारखा खळगा म्हणजे असिटॅब्युलम बाहेरच्या अंगाला, आणि मोठं भोक खाली पुढच्या बाजूला. असं धरून जे हाड तुमच्या उजव्या अंगाला बसेल ते उजवं.

इथवर सगळ्यांना येतं. पोरं नापास होतात ती पुढच्या प्रश्नावर: “शरीरात असतं तसं धरून दाखव.” पुस्तकातल्या चित्रासारखं सपाट धरतात नि गप्प उभी राहतात. त्यांना मी भिंतीपाशी नेत होतो. एएसआयएस आणि प्युबिक ट्यूबरकल (पुढच्या खालच्या भागाचा, म्हणजे प्युबिसचा, लहान उंचवटा), दोन्ही एकाच वेळी भिंतीला टेकवायचे, आणि प्युबिसचा दुसऱ्या हाडाला जुळणारा खडबडीत भाग शरीराच्या मधल्या रेषेकडं ठेवायचा. बस्स. हाड आपोआप पुढं कलतं, आणि कळतं की आपण समजत होतो त्यापेक्षा ते बरंच वाकडं उभं असतं.

वाटीत इलियम, इस्कियम (ज्यावर आपण बसतो तो खालचा मागचा भाग), प्युबिस तिघं भेटतात. पहिल्या दोघांचा वाटा साधारण दोन-दोन पंचमांश, प्युबिसचा एक. लहानपणी मध्ये वाय आकाराची कूर्चा असते, पंधरा-सोळाच्या सुमाराला ती जुळून हाड एक होतं. चोर्ल्याकडं तीन राज्यं भेटतात तसंच, मी सांगायचो. फरक इतकाच की हाडाच्या सीमा पोरवयातच मिटतात. आमची 1956 पासून तशीच आहे.

ते मोठं भोक, ऑब्ट्युरेटर फोरॅमेन, बघून फसू नका. जिवंत माणसात ते पडद्यानं जवळपास बंद असतं. वरच्या बाजूला नर्व्हला नि रक्तवाहिन्यांना जायला चिंचोळी वाट तेवढी राहते.

बाईचं की पुरुषाचं? मागच्या मोठ्या खाचेत, ग्रेटर सायॅटिक नॉचमध्ये, अंगठा घाला. घट्ट बसला तर बहुधा पुरुषाचं, इकडंतिकडं हलवायला मोकळी जागा राहिली तर बाईचं. एका खुणेवर मात्र शपथ घेऊ नका. वाटीची रुंदीही बघा: पुरुषात ती वाटीच्या पुढच्या कडेपासून प्युबिसच्या जुळणीपर्यंतच्या अंतराएवढी असते, बाईत कमी भरते.

सायॅटिक नर्व्ह याच खाचेतून बाहेर पडते. म्हणून कुल्ल्यात सुई द्यायची तर वरच्या बाहेरच्या चौथाईत. नर्सिंगच्या पोरींना हे मी आधी सांगत होतो, बाकीचं नंतर.

संध्याकाळी हाड परत द्यायला विसरू नका. मी मोजत होतो, आता दुसरा कोणीतरी मोजतो.