हाँगकाँगला आलात? आधी उठबस शिका

नवीन आलेले सगळे आधी इथल्या कँटोनीज भाषेतले आकडे आणि भाज्यांची नावं पाठ करत बसतात. करा की, पण मला विचाराल तर पहिला महिना ऊठ, बस, चाल, उतर एवढंच घोका, कारण इथे दिवसभर तुम्हाला हेच ऐकायला मिळणारे आणि तेही घाईघाईत.

यात आपलं मराठी लोकांचं जरा बरं आहे. कँटोनीजमध्ये अ आणि आ वेगळे, त आणि थ वेगळे, म्हणजे देवनागरीत लिहून घेतलं की निम्मं काम झालं. रोमन स्पेलिंगच्या नादी लागू नका, त्यात डी लिहितात आणि म्हणतात त. तै म्हणजे खाली आणि ताई म्हणजे मोठं, हे तर विसरूच शकत नाही आपण. मग छो तै खाली बस, मौ तै उकिडवा बस, फन तै आडवा हो. उठून उभं राहायचं तर खेइ हेइ सन. सूर, म्हणजे शब्द म्हणतानाचे आवाजाचे चढउतार, सहा आहेत, ते कागदावर येत नाहीत, कानानेच पकडायचे.

हाङ म्हणजे चालणं आणि चौ म्हणजे निघून जाणं (चौकातला च, चंद्रातला नाही). मँडरिन (चीनची प्रमाणभाषा) शिकून आलेले इथेच आपटतात, तिकडे चौचंच अक्षर चालण्याला वापरतात.

माझी कंबर धरली होती तेव्हा एक्सरे काढताना आतून आवाज आला, म होउ युक! मला वाटलं कुशीवर व्हायला सांगतायत, वळले. परत तेच, परत वळले. तिसऱ्यांदा ती बाई बाहेर आली आणि माझे खांदेच दाबून धरले. युक म्हणजे हलणं, म होउ म्हणजे नको. शेवटचा क गिळतात, त्यामुळे अजूनच कळत नाही.

लाल मिनीबसमधून उतरायचं तर ओरडावं लागतं, आधी जागा सांगायची मग यौ लोक, वर म कोइ, म्हणजे प्लीज. इथे लोक म्हणजे उतरणं, माणसं नव्हेत. ड्रायव्हरने हात वर केला की समजायचं ऐकलं, नाही केला तर परत ओरडा, लाजलात की पुढच्या स्टॉपवरून चालत या.

आणि निघताना शेजारच्या आजी मान मान हाङ म्हणाल्या तर मानेला हात लावू नका. हळूहळू चाल, म्हणजे आपलं सावकाश जा गं.