ताबापत्रावर सही करण्याआधी नवं घर कसं तपासावं

शेवटचा हप्ता आणि ताबापत्रावरची सही तुमच्या हातात आहे तोवर बिल्डर दुरुस्तीचं मनावर घेतो. नंतर त्याचे मिस्त्री दुसऱ्या साइटवर गेलेले असतात. म्हणून तपासणी सहीच्या आधी, दिवसाउजेडी आणि वीज-पाणी चालू असताना करा. ‘मीटर अजून बसायचा आहे’ असं उत्तर आलं तर सही पुढे ढकला.

सोबत टेप, स्पिरिट लेव्हल, टॉर्च, बादली, नाणं, तीन पिनांचा सॉकेट टेस्टर, मास्किंग टेप आणि करारातलं स्पेसिफिकेशनचं पान घ्या.

सुरुवात बाथरूमपासून करा, कारण तिथली चूक सगळ्यात उशिरा दिसते आणि दुरुस्तीला सगळ्यात जड जाते. नहाणी ट्रॅपचं (फरशीतल्या, पाणी वाहून नेणाऱ्या जाळीखालच्या भांड्याचं) तोंड घट्ट बंद करा, दाराशी सिमेंट-वाळूचा छोटा बांध घाला आणि उतार धरूनही सगळीकडे किमान २५ मिमी पाणी राहील इतकं भरा. ते ४८ तास तसंच ठेवा. बाष्पीभवनाने पातळी थोडी उतरतेच, त्यामुळे खरा पुरावा खालच्या मजल्याचं छत. तिथे ओल आली तर बहुतेक वेळा पाइप स्लॅबमधून जातो ती जागा किंवा भिंत-फरशीचा कोपरा कच्चा राहिलेला असतो. यावर टाइल्सच्या फटीत नुसतं ग्राउट (फटी भरायचा मसाला) भरून द्यायला बिल्डर तयार असतो. ते स्वीकारू नका. फरशीखाली मुरलेलं पाणी तसंच राहतं. तेवढा भाग फोडून वॉटरप्रूफिंग नव्याने करायला लावा आणि चाचणी पुन्हा पूर्ण ४८ तास घ्या.

उतार पाहायला ट्रॅप उघडून बादलीभर पाणी ओता. दहा मिनिटांनी कोपऱ्यात डबकं राहिलं तर उतार कमी आहे. मीटरमागे साधारण १ सेंमी हवा.

टाइल्सवर नाण्याने टकटक करत फिरा. पोकळ आवाज आला की खाली मसाला पोचलेला नाही. एखादा कोपरा चालेल, पण मधोमध पोकळ असलेली टाइल वजन पडलं की फुटते. खूण म्हणून तिच्यावर मास्किंग टेप लावा.

गिलाव्यावरच्या केसासारख्या भेगा सुकताना पडतात, त्या भरता येतात. बीम आणि वीटकाम जुळतं तिथली सरळ भेग बहुधा जाळी न लावल्यामुळे येते. तिथे जाळी लावून गिलावा पुन्हा करून घ्या. भेग ३ मिमीहून रुंद असेल किंवा कॉलम-बीममध्ये शिरली असेल तर पुट्टी मारू देऊ नका, आधी बिल्डरशी संबंध नसलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर आणा.

प्रत्येक प्लग पॉइंट टेस्टरने तपासा. आरसीसीबीचं (वीजगळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबताच वीज गेली पाहिजे. मात्र अर्थिंग नसलं तरी हे बटण काम करतं, त्यामुळे टेस्टर टाळू नका. खिडक्यांवर बाहेरून पाइपने पाणी मारा आणि चौकटीच्या खालच्या कडेला आतून हात फिरवून ओल लागते का ते पाहा.

सापडलेल्या दोषांची यादी करा. त्यात ‘किचनची टाइल खराब’ असं मोघम लिहू नका. ‘किचन, ओट्यासमोर, दारापासून तिसरी टाइल पोकळ, बदलणे’ असं लिहा; फोटो आणि दुरुस्तीची तारीख जोडा. दोन प्रतींवर साइट इंजिनिअरची सही घ्या आणि तीच यादी ईमेलनेही पाठवा. काही कारणाने ताबा आधीच घ्यावा लागला, तर ताबापत्रावरच हाताने लिहा: ‘सोबतच्या यादीतील दुरुस्त्या बाकी ठेवून ताबा घेतला.’