ऑपरेशननंतर दुखतंय? ते डॉक्टरांना नीट कसं सांगावं

डॉक्टर राउंडला येतात. "काय आबा, कसं वाटतंय?" आबा म्हणतात, "बरं हाय की." डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले की आबा दात-ओठ खाऊन पडून राहतात. हर्नियाच्या ऑपरेशननंतर आमच्या घरी दोन दिवस हेच चाललं होतं. तालमीत अंग मोडलेल्या पिढीला दुखणं बोलून दाखवणं कमीपणाचं वाटतं, आणि कोल्हापुरात तर हे जास्तच. पण दुखतंय म्हणून माणूस खोकत नाही, कुशीवर वळत नाही, खाटेखाली उतरत नाही. मग छातीत कफ साठतो, न्यूमोनिया होऊ शकतो, पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. तेव्हा कृपा करून दुखणं लपवू नका.

१. ऑपरेशनच्या आधीच बोलून घ्या

दमा, अल्सर, किडनीचा किंवा लिव्हरचा त्रास, रक्त पातळ करायची गोळी, एखाद्या औषधाची अ‍ॅलर्जी, रोजची दारू, सगळं भूलतज्ज्ञांना सांगा. नातेवाईक समोर असतील आणि संकोच वाटत असेल तर त्यांना बाहेर थांबायला सांगा. एक प्रश्न जरूर विचारा : "कमरेतल्या भुलीच्या इंजेक्शनचा असर उतरल्यावर दुखेल, तेव्हा काय देणार?" तो असर काही तासांत जातो आणि अनेकांना दुखणं एकदम जाणवतं.

२. आकडा सांगा, एक नाही, दोन

० म्हणजे अजिबात दुखत नाही, १० म्हणजे याहून जास्त कल्पनाच करता येत नाही. झोपून असतानाचा आकडा वेगळा, खोकताना किंवा उठतानाचा वेगळा. "पडून ३, पण उठताना ८" हे ऐकल्यावर डॉक्टरांना लगेच कळतं की या माणसाला चालवायचं तर औषध बदलायला हवं. दुखणं शून्यावर आणायचा हट्ट नको. खोकता यावं, बाथरूमपर्यंत जाता यावं, झोप लागावी, इतकं कमी झालं तरी पुष्कळ.

३. दुखण्याला त्याचं नाव द्या

इथे आपली मराठी फार कामाला येते. "लई दुखतंय" एवढ्यावर थांबू नका. टाक्यांपाशी ओढल्यासारखं होतंय? हालचाल केल्यावर ते बहुधा होतंच. ठसठसतंय, आणि जागा गरम, लाल झालीय? आत पू होत असेल, लगेच दाखवा. आग होतेय, मुंग्या येताहेत, विजेसारखी चमक जातेय? हे शिरेचं, म्हणजे नसेचं दुखणं असू शकतं, त्याला नेहमीची गोळी पुरत नाही. पोटात कळ येऊन जातेय? मग गॅस सरतोय का, लघवी होतेय का, हेही सांगा.

दुर्बिणीतून पोटाचं ऑपरेशन झालेल्यांचा कधी कधी खांदाच दुखतो. पोट फुगवायला भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला पडदा, चुरचुरतं आणि ते खांद्यात जाणवतं. दोन-तीन दिवसांत कमी होतं, हळूहळू चालल्यानं बरं वाटतं. पण छातीत दाब किंवा धाप असेल तर तो गॅस समजून बसू नका.

४. गोळी वेळेवर, पण मोजून

असह्य होईपर्यंत थांबू नका. शिगेला पोचलेलं दुखणं खाली आणायला जास्त वेळ लागतो. एक वहीचं पान घ्या : वेळ, गोळी, आधीचा आकडा, तासाभरानंतरचा आकडा. पॅरासिटामॉलवर खास लक्ष ठेवा. निरोगी मोठ्या माणसाला २४ तासांत सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर जाऊ नये. वजन कमी असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर डॉक्टर त्याहून कमी देतात. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या कितीतरी गोळ्यांत ते आधीच असतं, म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून मनानं काही आणू नका. ट्रॅमाडॉलसारख्या जास्त जोराच्या दुखण्यावरच्या औषधानं झोप, मळमळ, बद्धकोष्ठता होते. त्यावर दारू अजिबात नाही.

५. उशी जवळ ठेवा

पोटाचे टाके असतील तर खोकताना उशी पोटाशी घट्ट धरा. उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हाताच्या जोरावर बसा. गाव राधानगरीकडे किंवा गगनबावड्याकडे असेल तर डिस्चार्जच्या वेळी विचारा, "निघायच्या किती आधी गोळी घेऊ?" खड्ड्यांच्या रस्त्यावरही तीच उशी पोटाशी.

६. सोबतच्यांनी उत्तर देऊ नये

"नाही ओ, बरे आहेत ते" हे मुलानं किंवा सुनेनं म्हणायचं नाही. पेशंटला बोलू द्या. ज्यांना सांगता येत नाही त्यांच्या कपाळावरच्या आठ्या, आवळलेली मूठ, टाकलेलं जेवण पाहा आणि सिस्टरना सांगा. रात्री दोन वाजतासुद्धा.

७. थांबू नये अशा वेळा

दुखणं दिवसागणिक वाढतंय, ताप १०१ च्या वर, जखमेतून पू, लघवी अडली, सतत उलट्या, एकाच पायाची पोटरी सुजली : लगेच ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन. धाप लागली, छातीत दुखलं किंवा औषधानं माणूस हाकेला ओ देईना, तर १०८. डॉक्टरांना फोनवर वहीतलं वाचून दाखवा : "काल ४ होतं, आज ८ आहे, जागा गरम आहे, गोळी घेऊन तास झाला तरी उतरलं नाही."