ओव्हलच्या कडेने दृश्यवही: इमारतींकडून रचना कशी शिकावी

ग्राफिक डिझाइन शिकणाऱ्या, घराचे काम काढलेल्या किंवा नुसतीच छायाचित्रणाची हौस असलेल्या माणसाच्या फोनमध्ये आज शेकडो सुंदर इमारतींची चित्रे जपून ठेवलेली असतात. दाराच्या पाटीचा, खिडकीच्या ग्रिलचा किंवा दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाचा विचार करायची वेळ आली की मात्र त्यांतले एकही चित्र उपयोगी पडत नाही. ती चित्रे दुसऱ्या कोणीतरी पाहिलेली असतात. आपण ती फक्त साठवलेली असतात. या लेखात सांगितलेली पद्धत त्याहून संथ आहे. एकच ठिकाण घ्यायचे, तिथला एकच घटक निवडायचा, त्याची एकाच तऱ्हेने बरीच छायाचित्रे काढायची, ती शेजारी शेजारी मांडून रेखाटायची आणि मग त्यातून आपल्या कामात काय न्यायचे ते एका वहीत, म्हणजे दृश्यवहीत, नोंदवून ठरवायचे. उदाहरणासाठी मी मुंबईतील ओव्हल मैदानाची पश्चिम बाजू घेतली आहे, कारण एवढ्या थोड्या चालण्यात इतके साहित्य देणाऱ्या जागा फार नाहीत.

ओव्हल हे सुमारे २२ एकरांचे मैदान आहे. त्याच्या पूर्वेला उच्च न्यायालय, मुंबई विद्यापीठ आणि १८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर अशी एकोणिसाव्या शतकातील गॉथिक वळणाची दगडी रांग आहे. पश्चिमेला, समुद्र हटवून मिळवलेल्या बॅकबेच्या जमिनीवर १९३० आणि १९४० च्या दशकांत उभ्या राहिलेल्या आर्ट डेको शैलीतील, म्हणजे भौमितिक आकार आणि सुबक गोलाई असलेल्या वळणाच्या, निवासी इमारती आहेत. मरीन ड्राइव्हपर्यंत पसरलेल्या या दोन्ही समूहांतील ९४ इमारतींना मिळून २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. पश्चिमेकडच्या रांगेमागे जी. बी. म्हात्रे यांच्यासारख्या भारतीय वास्तुविशारदांची पहिली व्यावसायिक पिढी आहे, आणि तिच्या हाती सळया घातलेले काँक्रीट हे नवे साधन होते. पातळ छज्जा भिंतीतून पुढे काढणे, तो कोपऱ्यावरून वळवून दुसऱ्या बाजूला नेणे आणि गॅलरीला गोलाई देणे या गोष्टी दगडी बांधकामात महाग पडत. काँक्रीटने त्या मध्यमवर्गीय भाड्याच्या घरांच्या आवाक्यात आणल्या.

घटक एकच निवडावा

या रांगेपुढे उभे राहिले की सगळेच टिपावेसे वाटते. कुठे पायऱ्यापायऱ्यांनी वर निमुळते होत गेलेले माथे, कुठे जहाजासारख्या गोल खिडक्या, फाटकांवर उगवता सूर्य आणि लाटा, दारांवर सिमेंटमध्ये उठवलेली इमारतींची नावे. हा मोह पहिल्या फेरीत आवरावा. फक्त अक्षरे, फक्त ग्रिल, फक्त कोपरे किंवा फक्त छज्जे असा एकच विषय घेऊन निघावे. नवशिक्याने छज्ज्यापासून सुरुवात करावी असे मी सुचवीन, कारण तो एकाच वेळी सजावटही करतो आणि कामही करतो. इंग्रजीत या आडव्या पट्ट्यांना भुवया म्हणतात आणि ते नाव अचूक आहे. भुवई जशी घाम डोळ्यांत उतरू देत नाही, तसा छज्जा पाऊस आणि वरचे ऊन खिडकीत येऊ देत नाही. अनेक इमारतींत तो एका खिडकीपुरता न थांबता सगळ्या दर्शनी भागावरून सलग जातो. त्यामुळे पाच-सहा मजल्यांची इमारत उंच वाटण्याऐवजी आडवी, वेगाने पुढे निघाल्यासारखी दिसते.

वेळ पाहून जावे

माझी पहिली फेरी पूर्ण वाया गेली होती. संध्याकाळचा सोनेरी उजेड सगळ्यात चांगला, असे कुठेतरी वाचून मी साडेचार वाजता पोहोचलो, तर सूर्य इमारतींच्या पाठीमागे आणि सगळा दर्शनी भाग राखाडी सावलीत. चूक होकायंत्राने टळली असती. पश्चिमेच्या रांगेतील इमारती मैदानाकडे, म्हणजे साधारण पूर्वेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे त्यांच्यावर ऊन सकाळीच पडते. समोरच्या गॉथिक इमारतींची मैदानाकडची बाजू दुपारनंतर उजळते. मरीन ड्राइव्हवरच्या इमारती समुद्राकडे पाहतात, म्हणून त्यांनाही दुपारनंतरच भेटावे.

छज्जा हा विषय असेल तर एकाच सकाळी एकाच खिडकीचे तासातासाने छायाचित्र घ्यावे. सूर्य भिंतीच्या अगदी समोर आणि ४५ अंश उंचीवर असेल, तेव्हा ६० सेंटिमीटर पुढे आलेल्या छज्ज्याची सावली भिंतीवर ६० सेंटिमीटर खाली उतरते. सूर्य ६० अंशांवर गेला की तीच सावली एक मीटरहून थोडी अधिक होते आणि खिडकीचा मोठा भाग झाकते. ऊन जसे कडक होते तशी सावली लांबते, ही छज्ज्याची खरी हुशारी आहे आणि ती एका छायाचित्रात कधीच दिसत नाही. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडून येत असल्याने सावल्या तिरक्या पडतात. मुंबईत मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस दुपारचा सूर्य थेट डोक्यावर असतो.

चौकट सारखी ठेवावी

इथे दोन जुन्या गुरूंची आठवण करणे भाग आहे. बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन जोडप्याने १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, गॅसच्या टाक्या अशा औद्योगिक बांधकामांची छायाचित्रे काही दशके काढली. आकाश ढगाळ असावे, सावल्या पडू नयेत, कॅमेरा समोरून सरळ असावा आणि वस्तू चौकटीत प्रत्येक वेळी सारख्याच आकाराची यावी, असा त्यांचा नेम होता. एकटे पाहिले तर यातले प्रत्येक छायाचित्र कोरडे वाटेल. नऊ किंवा पंधरा छायाचित्रे ओळींत मांडली की मात्र एका टाकीचे पाय दुसरीपेक्षा वेगळे का, हे डोळा आपोआप विचारू लागतो. आपल्याला नेमकी हीच सवय लावून घ्यायची आहे.

त्यासाठी फोन पुरतो, पण काही पथ्ये पाळावी लागतात. पडद्यावरच्या आडव्या-उभ्या रेषा सुरू कराव्यात आणि फोन जमिनीला काटकोनात धरावा. तो वर वाकवला की इमारतीच्या उभ्या कडा माथ्याकडे एकमेकींकडे झुकतात आणि प्रमाणे बिघडतात. सगळी इमारत बसत नाही म्हणून रुंद कोनाची भिंग निवडण्यापेक्षा मागे सरकावे आणि दुप्पट जवळ आणणारी भिंग वापरावी. ओव्हलवर मागे सरकायला जागा भरपूर आहे, फक्त मागे सरकताना आपण कोणाच्या तरी मिडऑनवर तर उभे नाही ना, एवढे पाहावे. सकाळी तिथे अनेक सामने एकमेकांत मिसळून चाललेले असतात. फिकट क्रीम रंगाच्या भिंती उन्हात पांढऱ्याफटक होतात, म्हणून फोनच्या पडद्यावर दिसणाऱ्या भिंतीवर बोट टेकवून उजेड थोडा कमी करावा आणि तो तिथेच पक्का करावा. सावल्या उजळवून टाकणारी आपोआप सुधारणा बंद करता येत असेल तर करावी, कारण आपल्याला सावलीच हवी आहे.

बेखर दांपत्याचा ढगाळ नियम मुंबईत पावसाळ्यात सहज पाळता येतो, आणि ग्रिल, अक्षरे किंवा कठडे यांच्यासाठी तो उत्तम आहे. छज्ज्याच्या बाबतीत मी तो मोडावा असे म्हणेन. सावलीविना छज्जा म्हणजे नुसती पट्टी.

मग एक बेशिस्त फेरी

पहिल्या फेरीची वीस-पंचवीस सरळ छायाचित्रे हाती आली की दुसऱ्या दिवशी त्याच घटकासाठी पुन्हा जावे आणि या वेळी नियम सोडून द्यावेत. १९४९ मध्ये ल्युसियें एर्वे या हंगेरीत जन्मलेल्या फ्रेंच छायाचित्रकाराने मार्सेय येथील, वास्तुविशारद ल कॉर्ब्यूझिए यांच्या निवासी इमारतीची एका दिवसात ६५० छायाचित्रे काढली. ती पाहून ल कॉर्ब्यूझिए यांनी त्यांना आपले छायाचित्रकार केले, आणि पुढे चंडीगडच्या इमारतीही त्यांनी टिपल्या. एर्वे आपल्या छायाचित्रांना निर्दयपणे कात्री लावत. उरलेल्या तुकड्यात इमारत ओळखू येत नसे, पण एक काळा त्रिकोण, एक पांढरी कड आणि त्यांच्यातला ताण एवढे स्पष्ट दिसे. आपणही असेच करावे: छज्ज्याच्या खाली जाऊन वर पाहावे, गोल गॅलरीची कड आकाशावर घ्यावी, आणि नंतर चौकट कापत कापत अशी करावी की एक रेघही जास्त उरणार नाही. पहिल्या फेरीतून माहिती मिळते आणि दुसरीतून भाव. मात्र क्रम उलटा केला तर भाव उसना राहतो, हे मी बऱ्याच विद्यार्थ्यांच्या वह्यांत पाहिले आहे.

छापून मांडावे, मग बटर पेपर

छायाचित्रे फोनमध्ये ठेवू नयेत. त्यांतली नऊ निवडून पोस्टकार्डाच्या आकारात छापावीत आणि टेबलावर तीन ओळींत मांडावीत. पहिला अर्धा तास नुसते पाहावे व जागा बदलावी. साधारणपणे याच वेळी फरक उघडे पडतात: एके ठिकाणी छज्ज्याची कड सपाट आहे, दुसरीकडे तिच्यावर तीन बारीक समांतर रेघा कोरल्या आहेत, एकीकडे तो कोपऱ्यावर गोल वळतो, तर दुसरीकडे काटकोनात तुटतो, कुठे दोन खिडक्यांना एकच छज्जा आहे. प्रत्येक फरकासाठी वहीत एक पूर्ण वाक्य लिहावे. ‘सुंदर’ आणि ‘आकर्षक’ हे दोन शब्द त्या वाक्यात येऊ देऊ नयेत.

नंतर प्रत्येक छायाचित्रावर बटर पेपर ठेवून तीन वेळा रेखाटावे. पहिल्यात फक्त बाह्यरेषा, दुसऱ्यात फक्त सावल्या काळ्या भरून, तिसऱ्यात फक्त आडवे-उभे विभाग. तिसऱ्या रेखाटनावर पट्टी ठेवून गुणोत्तरे मोजावीत: खिडकीची उंची आणि छज्ज्याची जाडी यांचे, भरीव भिंत आणि मोकळी जागा यांचे. प्रत्यक्ष माप हवे असेल तर छायाचित्रातील दाराची उंची सुमारे २१० सेंटिमीटर धरून बाकीचे काढता येते. तो अंदाजच असतो, पण शिकायला पुरेसा असतो.

आपल्या कामात नेताना

या टप्प्यावर बहुतेक जण घसरतात आणि छज्जा जसाच्या तसा उचलून आपल्या चित्रात चिकटवतात. उचलायचा तो छज्ज्याचा आकार नसून त्याची युक्ती आहे, आणि ती युक्ती एका वाक्यात लिहिता आली पाहिजे. माझ्या वहीतले वाक्य असे आहे: पट्टी बारीक ठेवायची आणि वजन तिच्याखालच्या सावलीला द्यायचे. हे वाक्य दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाला लावले तर अंकाच्या नावाखाली एक बारीक फिकट रेघ आणि तिच्याखाली रुंद गडद पट्टा येतो. नाव वर तरंगते आणि त्यासाठी एकही पणती किंवा रांगोळी लागत नाही. हेच वाक्य पुस्तकांच्या मांडणीला लावले तर फळीची पुढची कड पातळ राहते आणि दिव्याची पट्टी तिच्या मागे लपते.

अक्षरांच्या बाबतीत अधिक सावध राहावे. तिथली बहुतेक नावे रोमन लिपीत आहेत आणि रोमन अक्षरे तळरेषेवर उभी असतात. देवनागरी अक्षरे शिरोरेषेला लटकतात. डेको अक्षरांची खाली घसरलेली किंवा फार वर चढवलेली आडवी दांडी देवनागरीत तशीच आणली तर ‘म’ आणि ‘भ’ यांच्यात गोंधळ होतो. त्याऐवजी शिरोरेषा हाच आपला छज्जा मानून तिच्या जाडीवर आणि टोकांवर काम करावे.

ग्रिल करून घ्यायचे असेल तर फॅब्रिकेटरच्या हातात छायाचित्र देऊ नये, कारण तो डोळ्यांनी अंदाज घेतो आणि नक्षीतले सूर्याचे किरण जाड होऊन बसतात. मापे लिहिलेले, प्रमाणात काढलेले रेखाटन द्यावे, पट्टीची जाडी मिलिमीटरमध्ये लिहावी, दोन गजांमध्ये लहान मुलाचे डोके अडकणार नाही इतकेच अंतर ठेवावे, आणि पूर्ण ग्रिलआधी एक फुटाचा नमुना करून घ्यावा.

पुढचा घटक म्हणून कोपरा घेतला तर चर्चगेट स्थानकासमोरचे, १९३८ मध्ये सुरू झालेले इरॉस चित्रपटगृह पाहावे. तिथे दोन रस्त्यांवरचे दोन पंख गोल, पायरीपायरीच्या मनोऱ्यात येऊन मिळतात. मानवी आकृती हव्या असतील तर फोर्टमधील न्यू इंडिया अश्युरन्स इमारतीच्या दर्शनी भागावर शिल्पकार पानसरे यांनी घडवलेली कष्टकऱ्यांची उंच शिल्पे आहेत.

रीतीभाती आणि कायदा

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ नुसार इमारतीचे छायाचित्र किंवा चित्र काढणे व प्रसिद्ध करणे हा स्वामित्वहक्काचा भंग ठरत नाही. दुसऱ्याने काढलेले छायाचित्र मात्र त्याचे असते. ते आपल्या कामात वापरायला त्याची परवानगी लागते. कायद्याने चालत असले तरी या इमारतींत लोक राहतात, हे विसरू नये. रस्त्यावरून किंवा मैदानातून दर्शनी भाग टिपावा, पण फाटकाच्या आत पाऊल टाकण्यापूर्वी वॉचमनला विचारावे, आणि खिडकीत माणूस किंवा दोरीवर कपडे दिसत असतील तर थांबावे. जिना व मोझॅकची लादी पाहायची असेल, तर वहीतली रेखाटने दाखवून विचारल्यास नकार कमी मिळतो, असा माझा अनुभव आहे. न्यायालयाच्या आणि विद्यापीठाच्या आवारात परवानगीशिवाय कॅमेरा काढू नये.

वहीच्या प्रत्येक पानावर तारीख, वेळ, ऊन की ढग आणि आपण उभे होतो ती जागा लिहून ठेवावी. रंगकाम निघाले, खिडक्यांना ॲल्युमिनियमच्या सरकत्या चौकटी बसल्या किंवा छज्ज्याखाली वातानुकूलन यंत्र लटकले, की त्याच जागेवरून त्याच वेळी पुन्हा छायाचित्र घेऊन ते जुन्याशेजारी चिकटवावे.