तिखट आही पोके घरी करताय? या चुका टाळा

हवाईतल्या होनोलुलू शहरात सुपरमार्केटांत मासळीच्या काउंटरवर काचेमागे पोकेचे, म्हणजे मसाला-सॉस लावलेल्या कच्च्या माशाच्या तुकड्यांचे, ट्रे ओळीने मांडलेले असतात. एकात मीठ-शेवाळ लावलेलं, दुसऱ्यात सोया सॉसमधलं, आणि एकात केशरी मेयोनीजमध्ये कालवलेलं तिखट आही. हवे तेवढे पौंड तोलून घ्यायचं. हवाईयन भाषेत 'पोके' म्हणजे आडवे तुकडे करणं, आणि 'आही' म्हणजे यलोफिन किंवा बिगआय ट्यूना, कोकणातल्या कुप्याच्या जातकुळीतला मासा. जुन्या पोकेत मीठ, लिमू नावाचं समुद्री शेवाळ आणि भाजून कुटलेल्या कुकुई बिया एवढंच असे. सोया सॉस आणि तिळाचं तेल उसाच्या मळ्यांवर आलेल्या आशियाई मजुरांबरोबर आलं. मेयोनीज आणि श्रीराचा हा तिखट मिरचीचा सॉस तर अगदी अलीकडचे.

मी पहिल्यांदा घरी केलं तेव्हा अर्ध्या तासात वाडग्याच्या तळाशी केशरी पाणी जमलं आणि ट्यूना करडा, मऊ पडला. मला वाटलं सॉस कमी पडला, म्हणून पुढच्या वेळी मेयोनीज वाढवलं. ते आणखी बिघडलं. मग लक्षात आलं की हा पदार्थ सॉस कालवायच्या आधीच बिघडलेला असतो. मासा कुठून आणला, कसा वितळवला आणि किती कोरडा केला, यावरच सगळं ठरतं.

मासा घेताना

'सुशी ग्रेड' या शब्दांना अमेरिकेत कायद्याची व्याख्या नाही. तो दुकानदाराचा शब्द आहे. म्हणून सरळ विचारा: कच्चा खायचाय, चालेल का? कधी आला? गोठवलेला होता का?

ट्यूनात जंतांपेक्षा मोठी भीती हिस्टामीनची. पकडल्यावर मासा लगेच थंड झाला नाही तर जीवाणू त्याच्या मांसात हिस्टामीन तयार करतात. ते शिजवून जात नाही आणि गोठवूनही जात नाही. असा मासा खाल्ला की बहुतेक वेळा तासाभरातच चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगाला खाज सुटते. होनोलुलूत 1952 पासून मासळीचा लिलाव चालतो. तिथे एकेक मासा बर्फावर मांडतात, शेपटीजवळ कापून मांस दाखवतात आणि मग बोली लागते. ही काळजी पोकेच्या मुळाशी आहे.

म्हणूनच कळकळीने सांगते, मुंबई, रत्नागिरी किंवा मालवणच्या बाजारातला कुपा कितीही तजेलदार दिसला तरी कच्चा खाऊ नका. तो कालवणासाठी आणलेला असतो. होडीपासून टोपलीपर्यंत त्याला बर्फ किती मिळाला, हे आपल्याला कळायला मार्ग नाही. घरच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवूनही ही अडचण सुटत नाही. कच्चं खाण्यासाठी म्हणून विकला जाणारा गोठवलेला ट्यूनाच घ्या. गरोदर बायका, लहान मुलं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना हा पदार्थ देऊ नका.

रंगावर भुलू नका. कलिंगडासारखा लालबुंद ट्यूना बऱ्याचदा कार्बन मोनॉक्साइड दिलेला असतो. मांस जुनं झालं तरी तो रंग उतरत नाही. उलट किंचित तपकिरी झालेला तुकडा उत्तम असू शकतो. मी नेहमी सॉस लावण्याआधी एक छोटा तुकडा नुसता जिभेवर ठेवते. हिस्टामीन वाढलेला मासा कधी कधी मिरी चावल्यासारखा चुरचुरतो. श्रीराचा घातल्यावर ती चुरचुर ओळखूच येणार नाही. तशी लागली तर थुंकून टाका आणि सगळा मासा फेकून द्या. नाही लागली तरी ती खात्री नव्हे. खरी खात्री चांगल्या दुकानाचीच.

वितळवताना

हवाबंद पाकीट तसंच ओट्यावर किंवा गरम पाण्यात ठेवणं ही माझी पहिली चूक. बाहेरून मऊ, आतून बर्फ, आणि कापताना लगदा. शिवाय हवाबंद पाकिटात मासा थोडा जरी कोमट झाला तर बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जीवाणू वाढू शकतात. पाकीट आधी फोडा, मासा पेपर टॉवेलमध्ये गुंडाळा, झाकणाच्या डब्यात घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी कागद गुलाबी पाण्याने जड झालेला असतो. ते पाणी कागदात गेलं नसतं तर वाडग्यात गेलं असतं. नवा कागद घेऊन पुन्हा टिपा. कागदाला नुसता ओलसर डाग पडू लागला की कापायला घ्या.

कापताना

गडद, जवळजवळ काळपट पट्टा काढून टाका. त्याची चव उग्र असते. मग धाग्यांच्या आडवे, दोनेक सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे. धाग्यांच्या दिशेने कापलंत तर तुकडा दोऱ्यासारखा चिवट लागतो. पांढऱ्या शिरा जास्त असलेला भाग फेकू नका. चमच्याने शिरांवरून मांस खरवडून घ्या. हे खरवडलेलं मांस सॉसमध्ये मिसळलं की सॉस तुकड्यांना छान धरून राहतो. सुरी धारदार हवी, आणि वाडगा बर्फावर ठेवलेला.

सॉसच्या चुका

साडेचारशे ग्रॅम ट्यूनाला तीन मोठे चमचे मेयोनीज, एक मोठा चमचा श्रीराचा, एक छोटा चमचा सोया सॉस आणि अर्धा छोटा चमचा तेल. एवढं पुरे. तुकडे चकाकले पाहिजेत, बुडता कामा नयेत.

तेलात आपली हमखास गफलत होते. घाण्याचं तिळाचं तेल आपण लोणच्याला वापरतो, त्याने इथे काही होत नाही. हवं ते भाजलेल्या तिळांचं, गडद तपकिरी जपानी किंवा कोरियन तेल. ते इतकं वासाचं असतं की एक चमचा जास्त पडला तर मासा हरवतो. मेयोनीजचंही तसंच. बिनअंड्याचं मेयोनीज गोडसर लागतं आणि पोके मिठाईकडे झुकतं. जपानी क्यूपी नुसत्या बलकाचं असतं, तेच घ्या.

आणि लिंबू पिळू नका. मासळी म्हटली की आपला हात लिंबाकडे जातोच, पण आंबटाने कच्च्या ट्यूनाचा पृष्ठभाग पांढुरका, कोरडा होतो. त्याने मासा सुरक्षितही होत नाही.

कांदा, काकडी घालायची तर कोशिंबिरीचा नियम इथेही लागू: मीठ लागलं की पाणी सुटणार. गोड कांदा बारीक चिरून पाण्यात धुवा, कोरडा करा, आणि काकडी वरून वाढतानाच घाला. मासागो नावाची केशरी गाबोळी मिळाली तर दोन चमचे. ती खारट असते, मग सोया सॉस अर्धा करा.

पाणी सुटलंच तर

वाडगा तिरका करून पाणी ओतून टाका, तुकडे चाळणीत दोन मिनिटं निथळू द्या, आणि एक चमचा नवा सॉस लावा. जुन्या पाणचट सॉसमध्ये मेयोनीज वाढवून काही सुधारत नाही. खारट झालं तर मऊ भातावर वाढा. सुशीचा तांदूळ नसेल तर इंद्रायणीचा चिकट भात फार छान जमतो. बासमतीचे दाणे मात्र सॉस धरत नाहीत. भात कोमट असू दे, पण मासा त्यावर अगदी खाताना घाला.

कालवल्यावर लगेच खा, फार तर तासाभरात. तोवर फ्रिजमध्ये, चार अंशांच्या खाली. उरलं आणि ते सतत फ्रिजमध्येच होतं, तर हवाईतले लोक करतात तसं दुसऱ्या दिवशी तापलेल्या तव्यावर परता आणि भाताबरोबर, वर एक अंडं घालून, नाश्त्याला घ्या.