पुढच्या शॉकअपचा प्रीलोड: गॅरेजात नव्यानं उभ्या राहणाऱ्यांसाठी
"ब्रेक मारला की गाडी नाकावर बसते," अशी तक्रार आली की नव्या पोराचा हात थेट फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या पाइपांच्या, डोक्यावरच्या प्रीलोड नटाकडे जातो. प्रीलोड म्हणजे आतली स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवली ते. साताऱ्यात यवतेश्वरचा घाट उतरून येणारी गिऱ्हाइकं भरपूर, त्यामुळे ही तक्रारही रोजची. मीही याच ठिकाणी बरेच दिवस अडकून पडलो होतो, म्हणून एवढंच जरा पाल्हाळ लावून सांगतो.

प्रीलोड आवळल्यानं स्प्रिंग कडक होत नाही. समजा, स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला 8 न्यूटन लागतात. नट आवळून ती 10 मिलिमीटर आधीच दाबून ठेवली, की ती 80 न्यूटन जोर धरून बसते. तेवढा भार येईपर्यंत ती हलणार नाही. पण त्यापुढच्या प्रत्येक मिलिमीटरला तेच 8 न्यूटन! बदलली ती फक्त गाडी उभी राहायची उंची. नाक जवळपास पूर्वीइतकंच बुडणार, फक्त जरा वरून. गिऱ्हाईक दोन दिवस खूश राहतं, मग परत येतं. आणखी आवळलं की सॅग, म्हणजे माणूस बसल्यावर गाडी जेवढी खाली बसते तो भाग, संपतो. चाकाला खड्ड्यात उतरायला चालच (वर-खाली सरकायची जागा) उरत नाही, आणि गतिरोधकावरून उतरताना फोर्क वरच्या टोकाला टक्कन आपटतो. वर नाक उचललं गेल्यानं गाडी वळायलाही जड होते. उलट फार सैल सोडलं तर चटकन वळते, पण मोठ्या खड्ड्यात तळाला लागते.

म्हणून आधी मोजा. पुढचं चाक अधांतरी करून पाइपाचा उघडा भाग मोजायचा. मग मालकाला जॅकेट, बॅग सगळ्यासकट बसवून पुन्हा मोजायचा. दोन्हींतला फरक म्हणजे सॅग. सील पाइपाला धरून ठेवतं, म्हणून एकदा पुढा दाबून अलगद सोडा, एकदा उचलून अलगद सोडा आणि सरासरी घ्या. साध्या रस्त्याच्या गाडीला 30 ते 40 मिलिमीटर ठीक. लांब चालीच्या गाडीला एकूण चालीचा चौथा ते तिसरा हिस्सा धरा. रॉयल एनफिल्डच्या जुन्या हिमालयन 411 ची चाल 200 मिलिमीटर, म्हणजे 50 ते 65 च्या आसपास. पाइपाला केबल टाय बांधून मालकाला घाटातून एक फेरी मारायला सांगा. टाय कुठवर सरकला, त्यावरून चाल किती वापरली ते कळतं.

उस्ताद हातानं दाबूनच "बरोबर आहे" म्हणतात. त्यांचा हात तयार आहे, आपला नाही. आणि व्हिडिओत "अमुक आटे फिरवा" सांगणाऱ्यानं तुमच्या गिऱ्हाइकाचं वजन पाहिलेलं नसतं. माझा तरी त्यांच्यावर काडीचा विश्वास नाही.

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना पुढे हा नटच नसतो. आत स्प्रिंगवर स्पेसर, म्हणजे नळीचा तुकडा, घालावा लागतो. इथं मात्र जपून. पाइपाचं टोपण सोडवताना चाक जमिनीवर असेल तर टोपण स्प्रिंगच्या जोरानं उडून तोंडावर येतं. आधी गाडी उचला, वरच्या क्लॅम्पचा बोल्ट ढिला करा, मगच टोपणाला पाना लावा. दोन्ही बाजूंना स्पेसर सारखाच हवा. जास्त लांब घातला तर वेढ्याला वेढा भिडून फोर्क मध्येच अडतो.

घाबरू नका, दोन-चार गाड्या मोजल्या की अंदाज यायला लागतो. सॅग बरोबर येऊनही नाक बुडत असेल तर नटाला हात लावू नका. फोर्क ऑइलची पातळी आणि जाडी बघा. माणूस वजनदार असेल तर कडक स्प्रिंगचा खर्च काम धरायच्या आधीच सांगून टाका.